हातातला वॉकीटॉकी निवडताना : इंदूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या प्रश्नांचे दोन हंगाम ठरलेले आहेत. पाऊस लागला की पातालपाणी-चोरलला निघालेली मंडळी विचारतात, आणि गणपती जवळ आले की झांकीचे (विसर्जन मिरवणुकीतल्या सजवलेल्या देखाव्यांचे) कार्यकर्ते. बाकी वर्षभर राजेंद्रनगर, लोकमान्यनगर, सुदामानगरातून फुटकळ चौकशा चालूच असतात. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. घाई असेल तर २, ३ आणि ६ वाचा आणि मगच पैसे काढा.

१. हातात मोबाईल असताना वॉकीटॉकी घ्यायचा कशाला?

सगळ्यांनी घ्यावा असं नाहीच. दोघांना दिवसातून एकदा बोलायचं असेल तर मोबाईलच बरा. वॉकीटॉकीत एकाने बटण दाबलं की बाकीच्या सहा-सात जणांना त्याच क्षणी ऐकू जातं. नंबर लावायचा नाही, घंटी वाजायची वाट पाहायची नाही, महिन्याचं बिल नाही. अनंत चतुर्दशीच्या रात्री राजवाड्याभोवती इतकी गर्दी असते की फोन लागता लागत नाही. चोरलच्या दरीत मुळात नेटवर्कच नसतं. आणि तिमजली घरात वर झोपलेल्या आजीला फोन उचलण्यापेक्षा एक मोठं बटण दाबणं सोपं जातं. अशा ठिकाणी हा सेट उपयोगी पडतो.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. यात एका वेळी एकच माणूस बोलू शकतो. तुम्ही बटण दाबून बोलत असता तेव्हा तुम्हाला समोरचं काहीही ऐकू येत नाही. ज्यांना मध्येच बोलायची सवय आहे त्यांना पहिला आठवडा त्रास होतो.

२. परवाना लागतो का? दुकानदार म्हणतो, काही लागत नाही.

दुकानदार कोणत्या सेटबद्दल बोलतोय त्यावर आहे. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ एवढ्या चिंचोळ्या पट्ट्यातच चालणाऱ्या, कमी शक्तीच्या सेटना २०१८ च्या नियमांनी परवान्यातून सूट आहे. ‘एवढ्या पट्ट्यातच’ हे शब्द महत्त्वाचे. जो सेट ४०० ते ४७० मेगाहर्ट्झपर्यंत कुठेही लावता येतो, तो तुम्ही ४४६ वर लावून ठेवलात म्हणून या सवलतीत बसत नाही.

दुसरी अट म्हणजे त्या मॉडेलला दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची उपकरण-मान्यता हवी. तिला ईटीए म्हणतात. ती तुम्हाला काढायची नसते, आणणारा किंवा विकणारा काढतो. तुम्ही फक्त प्रमाणपत्राचा क्रमांक मागायचा. महाराणी रोडला किंवा जेल रोडला हे विचारल्यावर दुकानदार काय उत्तर देतो, त्यावरून बरंच कळतं.

२७ मेगाहर्ट्झच्या आसपासचा सीबी (सिटिझन्स बँड) पट्टाही ५ वॅटपर्यंत परवानामुक्त आहे. पण तिथे लहर अकरा मीटर लांब असते. हातातल्या सेटवर तिच्या मानाची अँटेना बसत नाही, त्यामुळे रोजच्या वापरासाठी त्याच्या वाटेला जाऊ नये. बाकी जवळजवळ सगळ्याला परवाना लागतो. १९३३ च्या वायरलेस कायद्यापासून नुसता सेट बाळगणंही परवान्याच्या कक्षेत आलेलं आहे. त्यामुळे ‘वापरत नाही, घरात पडलाय’ हा बचाव चालत नाही.

३. भिया, जातो किती किलोमीटर? खोक्यावर १० लिहिलंय.

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. शहरात अर्धा ते एक किलोमीटर धरा. मोकळ्या शेतात दोन-तीन. खोक्यावरचा आकडा अगदीच खोटा नसतो, फक्त तो इंदूरचा नसतो.

या लहरी साधारण सरळ रेषेत जातात आणि जमिनीच्या गोलाईपुढे संपतात. हिशेब सोपा आहे. जमिनीपासून अँटेनाची उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा, ४.१२ ने गुणा. दुसऱ्या माणसाचं तसंच काढा आणि दोन्हींची बेरीज करा. तोंडाशी, म्हणजे दीड मीटरवर सेट धरलेल्या दोन माणसांचं उत्तर जवळपास दहा किलोमीटर येतं. खोक्यावरचे दहा हेच असावेत, मध्ये एकही घर, झाड किंवा टेकाड नाही असं धरून. स्नेहनगरपासून राजवाड्यापर्यंत काय काय मध्ये येतं ते तुम्हाला ठाऊक आहे.

आता त्यातलाच एक माणूस तिमजली घराच्या गच्चीवर, बारा मीटरवर गेला तर उत्तर एकोणीसपर्यंत जातं. आणि जानापावच्या माथ्यावर गेला तर? जानापाव समुद्रसपाटीपासून ८५४ मीटर आहे, म्हणजे माळव्याच्या पठारापेक्षा अडीचशे मीटरच्या आसपास वर. हिशेब सत्तर किलोमीटरचा येतो. ४४६ च्या सेटच्या अर्ध्या वॅटवर तो पूर्ण वसूल होईल असं नाही, पण माथ्यावरून खाली मोकळ्यावर उभ्या असलेल्या माणसाशी पाच-दहा किलोमीटर स्वच्छ बोलता येतं. तोच माणूस महूच्या बाजारात शिरला की आवाज तुटतो.

म्हणून आवाज येईनासा झाला तर सेट बदलण्याआधी जागा बदला. खोलीच्या मधून खिडकीशी या, खिडकीतून गच्चीवर जा. कधी कधी दोन पावलं बाजूला सरकलं तरी फरक पडतो. या लहरीची लांबी सत्तर सेंटिमीटरच्या आत आहे, आणि भिंतींवर आपटून आलेल्या लहरी काही जागी एकमेकींना मारतात, काही जागी जोर देतात. कमरेला लटकवलेला सेटही कमी जातो, कारण शेजारचं शरीर लहर शोषतं. बोलताना तो तोंडासमोर, अँटेना उभी, असाच धरायचा.

४. मग अर्ध्या वॅटऐवजी ५ वॅटचा घेतला तर दहापट लांब जाईल ना?

नाही. शक्ती दहापट केली तर मोकळ्या अवकाशात अंतर तिपटीच्या थोडं वर जातं. जमिनीलगत, जिथे आपण राहतो, तिथे दुप्पटही होत नाही. एका किलोमीटरचा पावणेदोन झाला तर पुष्कळ. त्यासाठी बॅटरी कितीतरी लवकर उतरते, सेट गरम होतो आणि परवान्याची भानगड मागे लागते. गच्चीचा जिना चढणं यापेक्षा स्वस्त पडतं (प्रश्न ३).

अँटेनाचं गणित मात्र खरं आहे. ४४६ मेगाहर्ट्झला पाव-लहर (लहरीच्या पाव लांबीची) अँटेना सुमारे १७ सेंटिमीटर भरते. खिशात मावावी म्हणून कंपन्या ती निम्म्यावर आणतात आणि तिथे थोडा पल्ला जातो. म्हणून दोन सेटमध्ये बाकी सगळं सारखं असेल तर मी लांब अँटेनाचा उचलतो, मग तो खिशात टोचला तरी चालेल.

५. व्हीएचएफ घ्यावा की यूएचएफ?

व्हीएचएफ म्हणजे खालच्या फ्रिक्वेन्सीचा, लांब लहरींचा पट्टा; यूएचएफ म्हणजे वरचा, आखूड लहरींचा. परवान्याशिवाय वापरायचा असेल तर हा प्रश्न उरतच नाही, ४४६ चा पट्टा यूएचएफमध्येच येतो. परवाना असणाऱ्यांसाठी एवढंच सांगतो : वस्ती, इमारती, जिने, तळघरातली पार्किंग असेल तर यूएचएफ; उघडं रान, डोंगर, पानांची गर्दी असेल तर व्हीएचएफ.

६. ते सगळं जाऊ द्या. तुमचा आवडता कोणता, एकच सांगा.

मॉडेलचं नाव सांगायचं मी टाळतो, कारण दर दोन वर्षांनी कंपन्या नवं मॉडेल काढतात आणि जुनं नाव सांगून माणूस उगाच दुकानं पालथी घालतो. पण माझ्या हाताला कोणता बसला ते सांगता येईल. ४४६ चा, अर्ध्या वॅटचा, आवाज आणि चालू-बंद दोन्हींसाठी वर एकच गोल खुंटी असलेला, पडदा नसला तरी चालेल असा सेट. खुंटीच का? अंधारात, ओल्या हाताने, सेटकडे न बघता आवाज वाढवता येतो. बटणं दाबून आवाज बदलायचे सेट दुकानात छान दिसतात आणि मिरवणुकीत छळतात.

बोलायचं बटण मोठं आणि जरा घट्ट हवं. सैल असलं की पिशवीत दाबलं जातं आणि तुमच्या पिशवीतली खुडबुड सगळ्यांना ऐकवत बसतं. सगळा चॅनलच अडतो आणि दोष कुणाचा ते कळत नाही. कळा कुलूपबंद करायची सोय असावी. बोलून झाल्यावर वाजणारा ‘पीप’ बंद करता यावा. मागची क्लिप स्क्रूने बसलेली असावी. दाबून बसवलेली क्लिप हमखास निसटते.

आणि खरेदी जोडीनेच करा. लोक एका सेटचा अभ्यास करतात आणि दुसरा ‘कुठलातरी’ घेतात. तुमचा सेट कितीही भारी असला तरी संवाद कमकुवत सेटइतकाच होतो. घरातल्या ज्या माणसाला यंत्रांचा सर्वांत जास्त कंटाळा आहे, त्याच्या हातात दुकानातच सेट द्या. त्याला न सांगता बोलता आलं तर तो घ्या. आमच्याकडे अंतिम निवड सासूबाईंनी केली, आणि माझ्या मनातल्या पडदेवाल्या सेटवर त्यांनी फुली मारली ती बरोबरच होती.

७. ऑनलाइन बाओफेंग कंपनीचा सेट स्वस्तात मिळतो, रिव्ह्यू चांगले आहेत. घेऊ का?

हॅम, म्हणजे हौशी रेडिओचा, परवाना असेल तर घ्या (प्रश्न १८). नसेल तर नको. यूव्ही-५आर हे त्यातलं प्रसिद्ध मॉडेल १३६ ते १७४ आणि ४०० ते ५२० मेगाहर्ट्झच्या दरम्यान जवळपास कुठेही बोलू शकतं, तेही चार-पाच वॅटने. त्या पट्ट्यांत सरकारी आणि खासगी यंत्रणांची परवानाधारक बोलणी चालू असतात. चुकून दोन बटणं दाबली गेली की तुम्ही कुणाच्या कामात शिरलात हे तुम्हाला कळणारही नाही. सोळा चॅनलचा बीएफ-८८८एस दिसायला साधा असला तरी तोही ४०० ते ४७० मध्ये कुठेही बसवता येतो, म्हणून त्यालाही प्रश्न २ मधली सूट लागू नाही.

अशी विक्री इतकी बोकाळली की २०२५ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन वॉकीटॉकी विक्रीसाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वं काढली. सेट कोणत्या फ्रिक्वेन्सीवर चालतो आणि त्याला उपकरण-मान्यता आहे का, हे विक्रेत्याने दाखवायचं आहे. पानावर फ्रिक्वेन्सीच लिहिलेली नसेल तर पुढे वाचूच नका.

८. मुलगा अमेरिकेहून दोन सेट आणणार आहे. तिथे ते बिनपरवान्याचे आहेत.

तिथे आहेत, इथे नाहीत. अमेरिकेतले एफआरएस सेट ४६२ आणि ४६७ मेगाहर्ट्झवर चालतात. भारतात त्या फ्रिक्वेन्सीला सूट नाही. शिवाय वायरलेस उपकरण आणायलाही परवानगी लागते, आणि विमानतळावर सीमाशुल्कवाल्यांनी अडवलं तर वाद घालायला जागा नसते. युरोपातले सेट वेगळे. तिथला पीएमआर हा बिनपरवान्याचा प्रकार ४४६.० ते ४४६.२ मध्येच चालतो, अर्ध्या वॅटने. तरीही त्या मॉडेलला इथली मान्यता आहे का ते बघावंच लागतं. मुलाला म्हणावं, चॉकलेटं आण.

९. यात ‘प्रायव्हसी कोड’ आहे. म्हणजे आमचं बोलणं कुणी ऐकू शकत नाही ना?

ऐकू शकतं. नाव फसवं आहे. तुमच्या आवाजाखाली सेट एक बारीक, कानाला न जाणवणारा सूर सोडतो. तो ६७ हर्ट्झपासून अडीचशे हर्ट्झपर्यंतच्या ठरलेल्या सुरांपैकी एक असतो. तुमच्या जोडीदाराचा सेट तोच सूर ऐकला तरच स्पीकर उघडतो. म्हणजे दुसऱ्यांची बडबड तुम्हाला ऐकू येत नाही, पण तुमची बडबड कोड न लावलेल्या कुणालाही ऐकू जाते. घराची किल्ली कुठे ठेवली आणि घरी कधीपर्यंत कुणी नाही, हे यावर बोलू नये.

याचा एक तोटाही आहे. चॅनलवर दुसरं कुणी बोलत असलं तरी तुमचा सेट गप्प राहतो, आणि तुम्ही रिकामा समजून मध्येच बोलायला लागता. दोघांचंही बोलणं वाया जातं. म्हणून सेटवर ‘मॉनिटर’ बटण असतं. बोलण्याआधी ते क्षणभर दाबून ऐकायचं.

१०. माझा सेट एका कंपनीचा, भावजींचा दुसऱ्या. जुळतील का?

दोन्ही ४४६ चे आणि दोन्ही अॅनालॉग असतील तर जुळतात. डिजिटल आणि अॅनालॉग एकमेकांशी बोलत नाहीत, फक्त घरघर ऐकू येते. गंमत कोडच्या क्रमांकात आहे. ‘कोड १२’ म्हणजे कोणता सूर, हे प्रत्येक कंपनीच्या यादीत सारखंच असेल असं नाही. दोन्ही पुस्तिका उघडून हर्ट्झचा आकडा जुळवा. पुस्तिका हरवली असेल तर दोघांनीही कोड शून्यावर ठेवा. चॅनलही क्रमांकापेक्षा फ्रिक्वेन्सीवरून जुळवलेला बरा, कारण जुन्या सेटमध्ये आठच चॅनल असतात आणि नव्यांत सोळा.

११. पेन्सिल सेलचा घ्यावा की चार्जिंगचा?

रोज वापर असेल तर चार्जिंगचा, यूएसबी-सीवर चालणारा, म्हणजे मोबाईलचाच चार्जर चालतो. महिन्यातून एकदा लागत असेल तर पेन्सिल सेलचा. पातालपाणीच्या टपरीवरही सेल मिळतात, चार्जिंगचा पॉइंट मिळेलच असं नाही. दोन्ही चालणारा सेट मिळाला तर प्रश्नच मिटला, मी तोच शोधतो. सेलवाला सेट ठेवून देताना सेल काढून ठेवा. साधे अल्कलाइन सेल गळतात आणि पत्रे हिरवे होतात.

‘बॅटरी सोळा तास’ या दाव्यामागे एक ठरलेला हिशेब असतो : पाच टक्के वेळ बोलणं, पाच टक्के ऐकणं, नव्वद टक्के गप्प. तुमचा कॅटरिंगवाला भाऊ पन्नास टक्के वेळ बोलतो, त्याने सोळाची आशा धरू नये.

उन्हाळ्याबद्दलही बोलायला हवं. मे महिन्यात इथे पारा चाळिशी ओलांडतो आणि बंद गाडीत त्याहून कितीतरी वर जातो. लिथियम बॅटरी डॅशबोर्डवर ठेवून जेवायला गेलात तर तिचं आयुष्य घटतं, कधी ती फुगते. फुगलेली बॅटरी वापरू नका आणि दाबूनही बघू नका. महिनोन्‌महिने ठेवायची असेल तर अर्धी भरलेली ठेवा.

१२. पावसात चालतो का?

लहरींना या पावसाने फारसं काही होत नाही. भिजलेल्या झाडीतून मात्र पल्ला कमी होतो. काळजी सेटची घ्यायची. धूळ-पाण्यापासूनच्या बचावाचा दर्जा ‘आयपी’ आकड्यात लिहितात. आयपी५४ म्हणजे धूळ आणि शिंतोडे सोसतो. आयपी६७ म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास पडला तरी वाचावा, अर्थात चार्जिंगच्या तोंडावरची रबरी टोपी नीट बसलेली असेल तर. धबधब्यावर जाणार असाल तर ६७ च घ्या. आणि चुकून रंगपंचमीच्या गेरमध्ये (रंगांच्या मिरवणुकीत) सेट नेणार असाल तर ६७ असला तरी प्लास्टिकच्या पिशवीत घाला. रंग जाळीत शिरला की आवाज कायमचा बसतो.

१३. झांकीच्या रात्री ढोल-ताशात काही ऐकूच येत नाही. काय करायचं?

इंदूरची अनंत चतुर्दशी रात्रभर चालते. गिरण्यांच्या झांक्या, आखाडे, त्यांच्या मागेपुढे आमच्यासारखी मंडळं. त्यात स्पीकरवर काही ऐकू येण्याची आशाच सोडा. तारेचा इअरफोन लावा, बोलायचं बटण तारेवरच असलेला. ब्लूटूथ नको, रात्री दोन वाजता त्याची बॅटरी संपते.

आपोआप आवाज ओळखून सुरू होणारी ‘व्हॉक्स’ सोय मात्र आधी बंद करा. ती माणसाचा आवाज आणि ताशा यांत फरक करत नाही. ताशा वाजला की सेट आपोआप प्रसारण करतो, आणि सबंध पथकाला तोच ताशा कानात ऐकावा लागतो.

ओरडू नका. ओरडल्याने आवाज फाटतो, लांब जात नाही. माइक तोंडापासून चार बोटं लांब धरा, ढोलाकडे पाठ करा, बटण दाबल्यावर अर्धा सेकंद थांबून बोला. नाहीतर पहिला शब्द कापला जातो, आणि ‘नका सोडू’ मधला ‘नका’ गेला तर काय होईल ते समजून घ्या. आधी ज्याला बोलवायचं त्याचं नाव, मग आपलं : ‘सुहास, मी नंदू.’ ‘इथे’, ‘तिकडे’ हे शब्द वर्ज्य. कृष्णपुरा पूल, खजुरी बाजार, असं ठिकाणाचं नाव घ्या. पंधरा जण एकाच चॅनलवर ठेवू नका. गाडीजवळच्यांचा एक, रस्ता मोकळा करणाऱ्यांचा दुसरा, आणि दोन्ही ऐकणारा एक शांत डोक्याचा माणूस मध्ये. हा माणूस निवडणं सेट निवडण्यापेक्षा अवघड आहे.

त्या रात्री शेजारच्या मंडळाकडेही ४४६ चेच सेट असणार. दुपारीच त्यांच्याशी बोलून चॅनल वाटून घ्या.

१४. ओंकारेश्वरला तीन गाड्या जाणार आहेत. गाडीतून बोलता येईल?

एकमेकींना दिसतील इतक्या अंतरावर गाड्या असतील तर मजेत. गाडीचा पत्रा लहर अडवतो, ती काचांतूनच बाहेर पडते, म्हणून पुढच्या काचेजवळ धरा. खंडवा रोडवर सिमरोलच्या पुढे घाट सुरू झाला की एका वळणाआड गेलेली गाडी ऐकू येईनाशी होते. हे सेटचं दुखणं नाही, प्रश्न ३ वाचा. चालकाच्या हातात सेट देऊ नका, शेजारच्याने बोलावं.

१५. मुलांना खेळायला द्यावा का?

४४६ चा असेल तर खुशाल. आधी बॅटरी बसवण्याएवढी अक्कल आणि मग बोलायची शिस्त, दोन्ही येतात.

१६. सिम घालायचा वॉकीटॉकी मिळतो, ‘अनलिमिटेड रेंज’. तो बरा नाही का?

तो दिसायला वॉकीटॉकी, आतून मोबाईल. बोलणं मोबाईलच्या मनोऱ्यावरून जातं, म्हणून इंदूरहून पुण्यालाही जाईल, आणि मनोरा नसेल तिथे शेजारच्या माणसालाही जाणार नाही. दरमहा रिचार्ज आणि बहुतेकदा कंपनीच्या सर्व्हरचं वार्षिक भाडं. शहरभर फिरणाऱ्या डिलिव्हरीवाल्यांना, शाळेच्या बसना चांगला आहे. प्रश्न १ मधल्या कामांना नाही.

१७. सियागंजला गोदाम आहे, पीथमपूरला युनिट. तिथे कोणता?

गोदामात दहा-बारा माणसं एकाच आवारात असतील तर ४४६ चे सेट पुरतात. कारखान्याचं आवार मोठं, मध्ये लोखंडी शेड, आणि बोलणं चुकलं तर अपघात होऊ शकतो, असं असेल तर परवाना काढून स्वतःची फ्रिक्वेन्सी घ्या. अर्ज दूरसंचार विभागाच्या सरल संचार पोर्टलवर करायचा असतो. मग जास्त शक्तीचे, डिजिटल सेटही वापरता येतात. पेट्रोलची वाफ, रसायनं किंवा ज्वालाग्राही धूळ असेल तिथे साधा सेट नेऊच नका, त्यासाठी स्फोटरोधक प्रमाणित सेट वेगळे मिळतात.

१८. हॅम परवाना काढला तर काय मिळेल? अवघड आहे का?

बारा वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही परीक्षा देता येते. थोडं इलेक्ट्रॉनिक्स, थोडे नियम. खालच्या श्रेणीला मोर्स संकेतलिपी लागत नाही, वरच्या जनरल श्रेणीला लागतो. पास झालात की व्हीयू३ किंवा व्हीयू२ ने सुरू होणारी स्वतःची खूण (कॉलसाइन) मिळते. मग हातातल्या सेटवर १४४ ते १४६ आणि ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ हे पट्टे मोकळे होतात, आणि प्रश्न ७ मधला बाओफेंग तुमच्यासाठी हक्काचा होतो. फक्त त्याच पट्ट्यांत, आणि धंद्याच्या बोलण्यासाठी अजिबात नाही. दुकानाची ऑर्डर हॅमवर देता येत नाही.

मजा कशात आहे, तर गच्चीवर उभं राहून आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक ऐकण्यात. ते साधारण चारशे किलोमीटर उंचीवरून जातं आणि १४५.८०० मेगाहर्ट्झवर त्याचं प्रसारण हातातल्या सेटलाही मिळतं. डोक्यावरून जायला दहा मिनिटं पुरतात. प्रश्न ३ मधलं उंचीचं गणित तिथे डोळ्यांदेखत पटतं : शेजारच्या कॉलनीत न पोचणारा सेट अंतराळाशी बोलतो. आणि वेळ आली तर हा छंद कामी येतो. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीच्या वेळी भारती प्रसाद यांचं हॅम पथक अंदमानात होतं, आणि बाकी संपर्क तुटलेला असताना त्यांनी निरोप पोचवले. आपल्याकडे महूत लष्कराचं दूरसंचार महाविद्यालय आहे, त्यामुळे या भागात रेडिओ कळणारी निवृत्त मंडळी कमी नाहीत. एखाद्याला गाठा, परीक्षेची भीती जाते.

१९. विमानातून नेता येतो का? लडाखला न्यायचा आहे.

४४६ चा असेल तर बंद करून न्या. सुटी लिथियम बॅटरी हातातल्या बॅगेत ठेवा, सामानात नको. विमानात चालू करू नका. सीमाभागात मात्र स्थानिक बंदोबस्ताचे आदेश वेगळे असू शकतात, जवानाने विचारलं तर दाखवा आणि सांगेल ते ऐका. परदेशी पाहुण्यांना आठवणीने सांगा : त्यांच्याकडचे इरिडियम किंवा थुराया सॅटेलाइट फोन, आणि इरिडियमवर चालणारे ट्रेकिंगचे संदेशयंत्रही, भारतात परवानगीशिवाय आणता येत नाहीत. यावरून पर्यटकांना विमानतळावर अटक झालेली आहे.

२०. अडचणीत सापडलो तर यावरून पोलिसांना बोलावता येईल?

नाही. ४४६ वर कुणी बसून ऐकत नसतं आणि पोलिसांची यंत्रणा वेगळी आहे. ११२ हाच नंबर. वॉकीटॉकीचा उपयोग एवढाच की दरीत अडकलेल्याने वरच्या सोबत्याला सांगायचं आणि वरच्याने नेटवर्क असेल तिथे जाऊन ११२ लावायचा. म्हणून तिंचाच्या धबधब्यावर किंवा चोरलला सगळेच खाली उतरू नका. एक जण सेट आणि फोन घेऊन वरच थांबेल असं आधीच ठरवा.

२१. वडील हॅम होते. ते गेले, त्यांचा सेट कपाटात आहे. मी वापरू शकतो का?

हा प्रश्न दरवर्षी एकदा तरी येतो. नाही. परवाना माणसाचा असतो, यंत्राचा किंवा घराण्याचा नाही. त्यांच्या खुणेने बोलणं तर मुळीच नको, ती खूण आता कुणाचीच नाही. सेट एखाद्या परवानाधारक हॅमच्या ताब्यात द्या. तो चालवून बघेल, आणि तुमची परीक्षा होईपर्यंत सांभाळेल. विकायचा असेल तरी परवानाधारकालाच विका, भंगारवाल्याला नको. तोवर बॅटरी काढून वेगळी ठेवा. सोबत त्यांची लॉगबुकं आणि जगभरातून आलेली क्यूएसएल कार्डं (बोलणं झाल्याच्या पोचपावत्या) सापडतील, ती रद्दीत घालू नका. वाळवीपासून जपायला डबा घट्ट झाकणाचा घ्या, आणि जुने कागद असतात म्हणून डांबरगोळ्या कागदात गुंडाळूनच ठेवा.